खासगी नावाचा फोल्डर

घरमालकांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं असताना निषादला कळलं, की नवरीची खरी माहिती साऱ्या जगाला उघडी आहे.

निषाद मूळचा अमरावतीचा. नोकरी हिंजवडीत, बिऱ्हाड उरवड्यात हैबतरावांच्या माडीवर. फावल्या वेळात तो वेबसाइटी करायचा. एकाच सर्व्हरवर त्यानं तीन गिऱ्हाइकं बसवली होती: एक रोपवाटिका, एक भजनी मंडळ आणि पिरंगुटच्या आशालताबाईंचं वधूवर सूचक केंद्र. उमेदवारांबद्दलची आतली माहिती वेगळी ठेवा, असं बाईंनी बजावलं होतं. निषादनं फोल्डर केला, त्याला 'खासगी' असं नाव दिलं, फोटोही त्यातच टाकले आणि कुलूप लावल्यासारखा निर्धास्त झाला. सर्व्हर मात्र फार अगत्यशील. ज्या फोल्डरला दर्शनी पान नाही, तिथं तो येईल त्याच्यापुढं आतली सगळी यादी मांडतो.

यादीत हैबतरावांची मुलगी पिंकी होती. 'फिट येतात. गोळ्या चालू. लग्नानंतर सांगणे.' हे बाईंना खुद्द हैबतरावांनीच सांगितलं होतं. मध्यस्थाला खरं सांगावंच लागतं, त्याशिवाय त्याला नीट खोटं बोलता येत नाही.

फोल्डर बंद करून निषाद खाली आला.

"बंद केलं न्हवं? मग मिटलं," हैबतराव म्हणाले.

"काका, पिंकीचं पान अकरा वेळा उघडलं गेलंय."

"कुनी?"

"नुसते आकडे दिसतात. माणसं दिसत नाहीत."

"लई मोटं इंजिनियर तुमी!"

हैबतराव मटकन बसले. माले गावच्या व्याह्यांना सांगावं, तर त्यांनी वाचलंच नसेल. गप्प बसावं, तर वाचलं असेल.

पिंकी दारातून सगळं ऐकत होती. तिनं बापाच्या खिशातला मोबाइल काढला आणि नवऱ्यामुलाला, राजूला, फोन लावला.

"मला फिट येतात. गोळ्या चालू हायेत."



"वाचलंय," राजू म्हणाला. "मंगळवारी. साइटीवर माजा फोटू बघत हुतो. त्याच्या लिंकचा पत्ता अर्धा खोडला, तर सगळंच उघडलं."

"मग बोलला का न्हाई?"

"म्हनलं, तूबी माजं पान वाचलं असशील."

पिंकीनं वाचलं नव्हतं. तिनं निषादकडं पाहिलं. निषाद छताचा पंखा फार बारकाईनं पाहू लागला.

हैबतराव फोन हिसकायला उठले. पिंकी अंगणात गेली.

"काय हाय त्यात? तुमीच सांगा. ऐकतीया मी."