तापलेला इळा

मोमिनाबादच्या दवाखान्यात शिकवून मला घाटनांदूरला धाडलं, घरोघर जाऊन लेकरं कशी जपायची ते बाळंतिणींना सांगायला. लोक ऐकून घेतात, गूळपाणी देतात, आन मी उंबरा वलांडला की आपलंच खरं करतात. टाळकं सरकतं माजं.

म्हाळूच्या घरी तर लई खेपा घातल्या. त्याची बायको अंजना मान खाली घालून बसायची. तिचं पयलं लेकरू पोट फुगलं म्हनून सासूनं डागलं व्हतं. चटके पिकले आन लेकरू गेलं. दुसऱ्याला तरी जपा म्हनून मी घसा कोरडा केला. एवढ्यात भाकरीचा काला चारू नका. पोट फुगलं तर मांडीवर पालथं घ्या, पाठ चोळा. भिंतीला सांगितलेलं बरं, आसं वाटायचं.

त्या दुपारी लेकराचं रडनं गल्लीतच ऐकू आलं. आत शिरले तर चुलीत गवत कापायचा इळा लाल झालेला. सासू म्हातारीनं काला चारलाच व्हता. लेकराचं पोट टम्म, वर निळ्या शिरा.

"शिरा डागल्या की पोट उतरंल," म्हातारी म्हनली.

"आदी तुजं टाळकं डाग," मी म्हनले आन लेकरू उचलाया वाकले.

म्हाळूनं मला केसाला धरून मागं वढलं. उखळावर आपटले, भुवई फुटली, डोळ्यात रगत उतरलं. उठाया गेले तर पोटात लाथ बसली.

"आमच्या घरचं आमी बगू," तो म्हनला, आन बायकोकडं वळला. "लेकराचे पाय धर."

अंजना उठली. तिनं पाय न्हाई धरले. चुलीतला इळा काढला आन नवऱ्याच्या दंडावर टेकवला. कातडं चरचरलं. म्हाळू वरडत भुईवर लोळला. म्हातारी धावून आली, तशी अंजनानं इळा तिच्या तोंडाम्होरं धरला.

"दुकतंय ना?" ती नवऱ्याला म्हनली. "माज्या पयल्याला बोलता येत नव्हतं, म्हनून तुमाला कळलं न्हाई."

मग ती खाली बसली. लेकराला मांडीवर पालथं घेतलं, एका हातानं पाठ चोळू लागली. दुसऱ्या हातात इळा तसाच. थोड्या येळानं लेकराचा वारा सरला, रडनं थांबलं.

"बाई, आसंच ना?" तिनं इचारलं.

मला रडू फुटलं. "आसंच, माय. पर तो इळा खाली ठिव आता."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हनली. "लेकरू झोपंस्तोर."