खुंटीवरचं दप्तर

वारंगा फाट्यावर खोली घेतली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, मला लिहायला शांतता हवी. खालचा टायरवाला ते ऐकून हसला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. जिथे दोन मोठे रस्ते मिळतात तिथे कसली शांतता? दिवस उजाडल्यापासून ट्रकांचे हॉर्न सुरू. पण भाडं परवडतं आणि कळमनुरीच्या कॉलेजात तासिका घ्यायला इथून बस मिळते, म्हणून राहिले.

एकटी राहायला लागून आठ महिने झाले. तेवढ्यात तीन पातेली जाळली, दोनदा किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं आणि एकदा कथेच्या नादात उलटा कुर्ता घालून वर्गावर गेले. मोरीतला नळ पहिल्या दिवसापासून गळतो. रोज ठरवते, आज माणूस बोलवायचा. आणि याच आठ महिन्यांत माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली.

बुधवारी अंक हातात पडला. ‘निलम लालसिंग राठोड’ हे स्वतःचं नाव मी दहा वेळा वाचलं असेल. मग शहाणपणा सुचला आणि पानांचे फोटो बाबांना पाठवले. बाबांनी ते अख्ख्या तांड्याला दाखवले. गुरुवारी त्यांचा फोन आला. आम्ही आपसात गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. इथे ते आमच्या भागातल्या मराठीत देते आहे.

“जमना रविवारी येऊन राहिली तुझ्याकडं. भावसिंगलाबी आणून राहिली. तुझ्या तोंडून गोष्ट ऐकायची म्हनते.”

फोन ठेवल्याबरोबर मी अंक गादीखाली सारला. कारण गोष्ट जमनाआत्याचीच होती.

जमनाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्या तांड्यावर नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. एकेका माणसाच्या गळ्यात पडून गात गात रडायचं, बापाला बोल लावायचे, भावाला बोल लावायचे. त्या दिवशी ती काहीही म्हणाली तरी कोणी मनावर घेत नाही. उलट जिचं रडणं चांगलं तिची वाहवा होते. आत्याचं लग्न झालं तेव्हा मी सात वर्षांची होते. ती नववी पास होती, तिला दहावीला बसायचं होतं. ढावलोत ती बाबांना धरून म्हणाली होती, भावा, मला जायचं नाही, माझं दप्तर खुंटीवरून काढू नको, मी परत येणार आहे. बायका म्हणाल्या, काय गोड रडते पोरगी! आणि तिला जीपमध्ये बसवून सेनगावकडे लावून दिलं.

मी हेच लिहिलं होतं. नावं बदलली होती, पण आमच्याकडे नाव बदलून कोण फसतंय? शेवट मात्र माझा होता. घरातल्या फक्त एका लहान मुलीला ते रडणं खरं आहे हे कळतं, ती खुंटीवरचं दप्तर ओढते आणि जीपच्या मागे धावत सुटते. संपादकांनी पत्रात या शेवटाचं खास कौतुक केलं होतं.

आता भावसिंगमामांसमोर, म्हणजे आत्याच्या नवऱ्यासमोर, मी हे वाचायचं! आज मी एकटी राहते ती आत्याच्या जिवावर. घरात माझ्या लग्नाचा विषय पेटला तेव्हा तीच म्हणाली, “तिला राहू द्या तिच्या मनानं. कोण काय म्हनतंय ते मी बघते.” तिच्या शब्दाला वजन, कारण तिचा संसार नावाजलेला. चोवीस वर्षं झाली, एक मुलगा, एक मुलगी, नवऱ्याशी कधी वर आवाज नाही. त्या संसाराची सुरुवातच तिला नको होती, हे मी छापून मोकळी झाले होते. आत्या तुटली तर माझ्या बाजूचं एकही माणूस उरत नव्हतं. मला भीती वाटत होती, अगदी साधी, लहान पोराची असते तशी.

शुक्रवारी मी बसमधून एक थांबा पुढे उतरले. शनिवारी दूध उतू गेलं, ते पुसता पुसता डाळ करपली. लिहायला बसले तर नळाचे थेंब मोजत बसले. आत्याला फोन करून ताप आल्याचं सांगावं, असंही चार वेळा मनात आलं. शेवटी युक्ती काढली. आत्याने अजून गोष्ट वाचलेली नाही असं धरून ढावलोची दोन पानं गाळून वाचायची. पेन्सिलीने बारीक खुणा केल्या, दोनदा तालीम केली. जोड कळत नव्हता.

रविवारी अकराला दोघं आली. आत्याने पिशवीतून तिळाची चटणी काढली, खोलीभर नजर फिरवली आणि जळकी पातेली बाजूला सारून बसली. भावसिंगमामा मुळात अबोल. बसायला सांगितलं तर उभेच राहिले.

“नळ गळून राहिला व्हय?” असं म्हणून ते खाली गेले, टायरवाल्याकडून पाना आणला आणि मोरीत बसले. मला हायसं वाटलं.

“हं, वाच,” आत्या म्हणाली.

मी वाचायला लागले. मोरीत पाना खडखडत होता. खुणेपाशी आले आणि थेट जीप सुटण्यावर गेले.

“थांब,” आत्या म्हणाली. “दोन पानं खाल्लीस.”

“आत्या...”

“मी वाचलीय गोष्ट. भावानं फोटो धाडले, ते मोठे करू करू वाचले. सहा बारी.” तिने मोरीकडे हनुवटी केली आणि आवाज उतरवला. “मला न्हाई ऐकायची. त्यांना ऐकवायची हाय. चोवीस वर्सांत मला बोलता न्हाई आलं. तू वाच.”

मग मी वाचलं. मला जायचं नाही. दप्तर काढू नको. मी परत येणार आहे. कधी पान्याचा आवाज थांबला ते मला कळलंच नाही. वर बघितलं तर मामा ओल्या हातांनी दारात उभे होते.

“मी जीपपाशीच उभा होतो,” ते म्हणाले. “मला वाटलं, रिवाजाचं रडनं हाय. घरी जाऊन मायला सांगितलं म्या, लई मस्त रडली म्हनून.”

“ठावं हाय मला,” आत्या म्हणाली.

त्यांनी ओले हात पुसले. “नळाला वायसर आनतो,” म्हणून जिना उतरून गेले.

मला रडू फुटलं. “रागावलीस?”

“त्याचा न्हाई राग. पन शेवटी खोटं काहून लिहिलंस?”

“खोटं?”

“तू कुटं धावली व्हतीस? तू जीपमधी व्हतीस, पुढच्या सीटवर. माझं दप्तर मांडीवर घेऊन हॉर्न वाजवून राहिली व्हतीस. मी रडून राहिले, अन् तू हॉर्न वाजवून राहिली. लोक तुझ्याकडं बघून हासत व्हते.”

धावल्याचं मी इतक्यांदा लिहिलं होतं की ते मला आठवायलाच लागलं होतं. आता मात्र सगळं नीट आठवलं. टोचणारा नवा फ्रॉक, ड्रायव्हरचं हसणं आणि मांडीवरचं ते दप्तर, जे आजपासून माझं, म्हणून झालेला आनंद. लाज वाटली, खूप लाज वाटली.

“लेकरू व्हतीस, तुला काय कळावं. पन मग तसंच लिहायचं.”

“आता छापून झालं गं.”

“मग पेनानं लिही. हा अंक मी नेऊन राहिले.”

मी शेवटच्या सहा ओळींवर काट मारली. कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं की मुलगी पुढच्या सीटवर बसली होती, दप्तर तिच्या मांडीवर होतं आणि ती हॉर्न वाजवत होती. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“बराबर. अन् दप्तराचं काय झालं मंग?”

“चौथीपर्यंत मीच वापरलं. मग बंद तुटला, आणि आईने त्यात कांदे भरून ठेवले.”

आत्या अंकावरून हात फिरवत राहिली. मग तो परत माझ्यापुढे सरकवला.

“हेबी लिही,” ती म्हणाली.