जागृतीने विझवायचा दिवा

मी नामदेवांच्या गाडीतला पिवळा दिवा बोलतोय. दचकू नका. मी लागलो की माणसं आधी दचकतात, मग गाडी चालतेय हे बघून मला विसरून जातात. माझं म्हणणं अगदी साधं असतं. इंजिनातलं ऑइल जुनं झालंय, सवडीनं पण नक्की बदला. एवढंच सांगायला मला स्टीअरिंगसमोरच्या काचेमागे, डाव्या कोपऱ्यात बसवलं आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ आहे, लाल दिवा. दोघांच्या अंगावर चित्र तेच, तेलाची बुदली आणि तिच्या तोटीला लोंबणारा थेंब. पण भाऊ लागला की गाडी आहे तिथे थांबवायची असते. चावी फिरवली की आम्ही सगळे दिवे हजेरी दिल्यासारखे क्षणभर लागतो आणि पुन्हा मावळतो. बाकीचा वेळ मी अंधारात बसून गाडीतल्या माणसांचं बोलणं ऐकतो.

नामदेव मूळ कोपरखैरणे गावातले. शहर वसायच्या आधी घरची खाडीकाठी शेती होती, आता त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, चाकांखाली लिंबं ठेवली आणि आरशाला एकवीरा आईचा फोटो टांगला. नामदेव गाडीला इतके जपायचे की पावलं झटकल्याशिवाय कोणाला आत बसू द्यायचे नाहीत.

मी पहिल्यांदा लागलो तेव्हा नामदेव घाबरले नाहीत. उलट आपल्याला समजलं म्हणून खूश झाले.

“झारी हाय ती. पानी मागते गाडी,” असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि पाणी भरलं. मी लागलेलाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. मागच्या सीटवर त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी जागृती बसली होती. तिला हसू आवरेना.

“पप्पा, झारी नाय ती. ऑइल बदला सांगतोय तो.”

“आनि तो लाल कोन?”

“पिवळा लागला तर या आठवड्यात गॅरेज. लाल लागला तर जागच्या जागी बंद. जरा पण पुढे न्यायची नाय.”

सानपाड्याच्या उदयसिंहच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं, तरी मी लागलेलाच. इथेच माणसं फसतात. ऑइल नवं की जुनं हे मला दिसत नाही. गाडी किती पळाली तेवढंच मला कळतं. काम झालं, आता पहिल्यापासून मोज, हे मला कोणीतरी सांगावं लागतं. जागृतीने ते शोधून काढलं. काचेखालचं छोटं बटण दाबून धरायचं, चावी फिरवायची, मी लुकलुकलो की सोडायचं.

तेव्हापासून ते तिचंच काम झालं. नामदेव म्हणायचे, “माजी बोटं जाडी. तूच दाब, बाय.” मी विझलो की दोघं सानपाडा स्टेशनबाहेर उसाचा रस प्यायचे. नामदेवांना शुगर होती, त्यामुळे ही गोष्ट मालतीबाईंच्या कानावर जाणार नाही याची दोघं काळजी घ्यायची. मी तर कोणाला सांगणार नव्हतोच.

मग जागृतीचं लग्न ठरलं. मुलगा उरणकडचा, मिथुन. त्याचा ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात चालतो. लग्नाच्या सकाळी नामदेवांनी स्वतःच्या हाताने या गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. लेकीला आपण सासरी सोडायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बोलले मात्र कोणालाच नाहीत. मिथुनच्या मित्रांनी भाड्याची लांबलचक गाडी आणली होती, आणि जागृती सगळ्यांच्या गडबडीत तिच्यात बसली.

नामदेव तिच्या खिडकीपाशी गेले. “मोठी गाडी मिळाली तुला. आता या डबड्यात कशाला बसशील.”

जागृतीचे डोळे आधीच भरलेले होते. “तुमी न्यायला याल तेव्हाच बसेन,” ती म्हणाली.

गाड्या निघाल्या. ही दोन वाक्यं मागे राहिली.

यांच्याकडे लेकीला पहिल्या सणाला आणायला माहेरचं माणूस जातं. ती आपली आपण येत नाही. नामदेव गेले नाहीत. मालतीबाईंना म्हणाले, “फोन कर तिला. स्कूटर हाय ना तिच्याकडे?” तिकडून उत्तर आलं, पप्पा न्यायला येतील तेव्हा. गणपती झाले, दिवाळी झाली. मालतीबाई दोघांमध्ये फोन घेऊन बसायच्या आणि दोघांनाही तेच तेच सांगायच्या.

अशात मी पुन्हा लागलो. उदयसिंहने ऑइल बदललं आणि बटणाकडे हात नेला. नामदेवांनी त्याचं मनगट धरलं.

“त्याला हात नको लावू.”

“काका, काम झालंय की. दिवा असाच ठिवला तर पुढच्या खेपेला कळायचं कसं?”

“ते माज्या पोरीचं काम हाय. ती येल तवा घालवंल.”

तेव्हापासून मी लागलेला राहिलो. ज्यासाठी घडवलं ते सोडून मी भलतंच काहीतरी सांगू लागलो. चावी फिरली की बाकीचे दिवे मावळायचे आणि मी एकटा मागे उरायचो. नामदेव माझ्याकडे बघायचे, मग गिअर टाकायचे. याआधी माझ्याकडे इतकं प्रेमाने कोणी बघितलं नव्हतं, आणि तरी मला विझायचं होतं. तिच्या बोटाची मला फार आठवण यायची. मला आठवण येते हेही मला तेव्हाच समजलं.

रविवारी नामदेव दुकान बंद ठेवायचे आणि गाडी काढून उरणच्या रस्त्याला लागायचे. कंटेनरच्या रांगा चुकवत तिच्या गावाच्या फाट्यापर्यंत जायचे. तिथे टपरीशेजारी इंजिन चालू ठेवून थांबायचे, आत जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहायचे, आणि गाडी वळवायचे. घरी मालतीबाईंना सांगायचे, मासे बघायला गेलो होतो. मासे कधी आणले नाहीत. मालतीबाईंनी कधी विचारलं नाही.

इकडे ऑइल पुन्हा जुनं झालं, आटतही गेलं. मला सांगायचं होतं, पण जो दिवा आधीच लागलेला आहे त्याने पुन्हा लागायचं कसं? इंजिनचा आवाज खरखरीत झाला. नामदेवांना वाटलं, गाडीचं वय झालं. याच गाडीत लेकीला बसवून आणायचं होतं, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मरायला टेकली होती.

एका रविवारी फाट्याच्या जरा अलीकडे भाऊ लागला, लालभडक. नामदेवांनी त्याच क्षणी गाडी कडेला घेऊन बंद केली. “जरा पण पुढे न्यायची नाय,” ते स्वतःशीच म्हणाले. तिचं शिकवणं त्यांच्या हाताला आठवत होतं. मग मालतीबाईंना फोन लावला.

“गाडी बंद पडली. तेलाचा लाल दिवा लागलाय.”

“कुठं?”

नामदेवांनी आत जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. “जागृतीच्या फाट्यावर.”

मालतीबाईंनी फोन ठेवला, तो जागृतीला लावायलाच असणार. थोड्या वेळाने समोरून स्कूटर आली. जागृती उतरली. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी, वाटेतल्या दुकानातून घेतलेला ऑइलचा डबा होता. तिने बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून बघितली. मग ऑइल ओतलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर येऊन चावी फिरवली. भाऊ मावळला. मी राहिलो.

“पप्पा, हा कधीपासून लागलाय?”

“तू गेल्यावर लागला. ऑइल बदललं मी तवा. पन तो तसाच ठेवला.”

“का?”

नामदेव खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तू यायचीस तो घालवाया.”

जागृतीने ओढणीने माझ्यावरची काच पुसली, बराच वेळ. मग म्हणाली, “इंजिन गेलं असतं पप्पा. मला एक फोन केला असता तर.”

“तूच बोललीस, न्यायला या. आलो ना. दर रविवारी आलो.”

जागृतीने मिथुनला फोन करून स्कूटर घेऊन जायला सांगितलं, आणि गाडी कोपरखैरण्याकडे वळवली. नामदेव शेजारच्या सीटवर बसले. कोणी कोणाला नेलं ते त्या दिवशी नक्की झालं नाही, आणि मालतीबाईंनी दार उघडल्यावर कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उदयसिंहने ऑइल बदललं. जागृतीने बटणावर बोट ठेवलं.

“थांब जरा,” नामदेव म्हणाले. त्यांनी मला एकदा नीट बघून घेतलं. “हं. दाब.”

मी लुकलुकलो आणि विझलो. त्यानंतर रस प्यायला गेले की नाही ते ठाऊक नाही. गाडी सानपाडा स्टेशनबाहेर थांबली एवढं मात्र कळलं.

आता जागृती सासरी आहे. या वेळी नामदेव तिला स्वतः सोडून आले. सकाळी चावी फिरते, आम्ही सगळे लागतो आणि सगळे मावळतो. नामदेवांची नजर अजून डाव्या कोपऱ्यात जाते. तिथे काळी काच असते. ते जरा थांबतात, मग गिअर टाकतात.

नामदेव, मी इथेच आहे. मलाही पुन्हा तिच्या बोटाखाली यायचंय. पण माझं लागणं गाडीच्या पळण्यावर आहे, वाट बघण्यावर नाही. मला लवकर पेटवायचं असेल तर उरणच्या रस्त्याला लागत जा. आणि फाट्यावरून वळू नका, आत जा.