सेनापतीणबाई पायी निघाल्या

सेनापतीणबाई लढाईला निघाल्या की आधी त्यांची कंबर निघायची, मग थोड्या वेळानं त्या. अंगावर लोखंडी चिलखत, पाठीवर माणसाएवढी तलवार, पायांत उंच टाचांचे बूट, समोर सात डोंगर आणि सातव्या डोंगरावर ड्रॅगन. चाल मात्र अशी, की बाई ड्रॅगनला मारायला नव्हे, त्याच्या हस्ते बक्षीस घ्यायला निघाल्या आहेत.

ही चाल बारकीनं केलेली नव्हती. ती आधीच्या माणसानं केली आणि तो दुसऱ्या गेम कंपनीत निघून गेला, बहुधा कंबर हलवतच. बारकीनं या कंपनीत आजवर जे हलवलं होतं ते म्हणजे दारं, बादल्या, एक गाय आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. कपड्यांचं फार कौतुक झालं होतं. तिला बारकी म्हणत, कारण ती नोकरीला लागली तेव्हा ऑफिसात एक मोठी होती. मोठी सोडून गेली, बारकी बारकीच राहिली.

गेम अजून बाजारात यायचा होता. चाचणीसाठी ज्यांना खेळायला दिला होता, त्यांतल्या एकीनं कळवलं, "बाईंना आधी हाडांच्या डॉक्टरकडे न्या. ड्रॅगन थांबेल."

मालकानं बारकीला बोलावलं. मालकाला सगळे दादा म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यानं जाहीर केलं होतं, की इथं कुणी साहेब नाही, आपण एक कुटुंब आहोत. कुटुंब असल्यामुळे अर्थातच दादा म्हणेल तेच व्हायचं.

"शुक्रवारी गुंतवणूकदार येतायत," दादा म्हणाला. "तोवर हिला बाईसारखी चालव."

"बाईसारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... तू बाईच आहेस ना?"

"हो."

"मग झालं तर!"

"आणि नाही जमलं तर?"

दादानं मान वळवून घोडेवाल्याकडे पाहिलं. घोडेवाला खुर्चीत सावरून बसला. त्यानं आयुष्यात एकच घोडा केला होता, पण तो घोडा म्हणजे या गेममधली एकमेव जिवंत वस्तू आहे याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. घोडा शेपटीनं माशा हाकलायचा. माशासुद्धा घोडेवाल्यानंच केल्या होत्या.

"नाही जमलं तर बाईंना घोड्यावर बसवू," दादा म्हणाला. "पहिल्या डोंगरापासून सातव्यापर्यंत. उतरायचंच नाही."

"ड्रॅगनशी लढताना?"

"घोड्यावरून."

"झोपताना?"

"घोडा उभ्यानं झोपतो," घोडेवाला शांतपणे म्हणाला. "बाईंचं बाईंनी बघावं."

"आणि तू मग गवताकडे जा," दादा बारकीला म्हणाला. "गवतालाही कुणीतरी लागतंच."

इतक्या वर्षांनी तिच्या हातात एक अख्खी बाई आली होती, आणि शुक्रवारनंतर हलवायचं होतं ते गवत.

कामाला सुरुवात झाली ती ऑफिसच्या बोळातून. खऱ्या बाईला चालायला लावायचं, तिचा व्हिडिओ काढायचा आणि त्यावरून सेनापतीणबाईंची पावलं बसवायची, अशी रीत होती. गेममध्ये कॅमेरा कायम बाईंच्या मागे असायचा, म्हणून व्हिडिओही मागूनच काढायचा ठरलं. घोडेवाला फोन घेऊन बारकीच्या मागे उभा राहिला.

"नेहमीसारखी चाल," तो म्हणाला.

बारकी नेहमीसारखी चालली. मग तिनं व्हिडिओ पाहिला. उजव्या पायाबरोबर उजवा हात, डाव्याबरोबर डावा, खांदे कानांना टेकलेले. कुणाच्या तरी घरातून चांदीचा तांब्या पळवताना पकडली गेलेली मुलगी जशी चालेल, हुबेहूब तशी. दुसऱ्यांदा चालली तेव्हा तांब्याच्या जागी कपाट असावं असं वाटलं.

मग स्वागतकक्षातल्या ताईंना बोलावलं. त्या झपाझपा निघाल्या, वाटेत शर्ट मागून खाली ओढला, आणि बोळाच्या टोकाला भिंतीला चिकटून उभ्या राहत घोडेवाल्याला म्हणाल्या, "तू जा ना पुढे." हिशेब बघणाऱ्या काकू तर अर्ध्यावर थांबल्या, वाकल्या आणि नाडी बांधायला लागल्या. त्यांच्या पायांत चपला होत्या.

"बायकांना साधं चालता येत नाही का रे?" दादा हताश होऊन म्हणाला.

"घोड्याला सांगावं लागत नाही," घोडेवाल्यानं हळूच टोला हाणला.

बारकी राहायची आत्याकडे. आत्या दातांची डॉक्टर होती आणि तिची चाल अशी दणदणीत, की बाहेर तिच्या पावलांचा आवाज आला तरी बाकावरचे पेशंट आपोआप तोंड उघडायचे. सेनापतीणबाईंना चालायचं असेल तर असंच चालायला हवं, हे बारकीला त्याच संध्याकाळी सुचलं आणि तिला स्वतःचाच हेवा वाटला. फक्त आत्याला आधी सांगून उपयोग नव्हता. सांगितलं की आत्या 'नीट' चालणार, आणि नीट चालणारी माणसं तिनं दिवसभर बोळात पाहिली होती.

म्हणून बारकीनं टोपीचं जाकीट चढवलं, टोपी नाकापर्यंत ओढली, आणि दवाखाना बंद करून आत्या बाहेर पडली तशी तिच्या मागोमाग निघाली. अंतर अगदी गेममधल्या कॅमेऱ्याइतकं. फोन छातीशी. आपण किती व्यावसायिक आहोत असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

आत्या चौकापर्यंत झकास चालली. मग एकदम भरभर. बारकीही भरभर. मग आत्या अगदीच रेंगाळली. बारकीही रेंगाळली. आत्यानं रस्ता ओलांडला, बारकीनंही ओलांडला. आत्या नळाचे पाइप विकणाऱ्या दुकानापुढे थांबून काचेत पाहू लागली, साड्यांकडेसुद्धा कधी पाहिलं नसेल इतक्या प्रेमानं. मग फोन कानाला लावून मोठ्यानं म्हणाली, "हो, हो, पोचलेच! तुम्ही सगळे खालीच उभे आहात ना? सगळेच्या सगळे?"

घराखाली कोण उभं आहे बुवा, असा प्रश्न बारकीला पडला, कारण घरी दोघीच राहायच्या आणि दोघीही इथं होत्या. तेवढ्यात आत्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. बारकी धावत कोपऱ्यापाशी पोचली आणि तिच्या डोक्यात पिशवी बसली. पिशवीत पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे होते. एकाच वेळी बरीच अनोळखी माणसं आपल्याला चावतायत, असं बारकीला वाटलं.

"कार्टे! तू?"

"आत्या, मी तुझं चालणं शूट करत होते गं!"

"चालत होते कुठं? पळायचं कधी ते ठरवत होते मी!"

"मला नैसर्गिक हवं होतं."

"मग हे काय नाटक होतं? मागून कुणी चालायला लागलं की बाई अशीच चालते. मला कुणी शिकवलं नाही, तुला कुणी शिकवलं का? आण ते डोकं इकडे. फुटलंय का? नाही. दात मात्र मोडले असतील, बिचाऱ्या त्या मास्तरांचे."

आणि मग आत्या बारकीच्या शेजारून तिला झाडत झाडत घरी निघाली. पिशवीचा खांदा उतरलेला, मोकळा हात हवा कापतोय, मुद्दा आला की पाऊल जोरात पडतंय, मुद्दा फारच महत्त्वाचा असला की अख्खी आत्या थांबतेय आणि पुन्हा निघतेय. बारकीचा फोन बंद करायचा राहून गेला होता. तो हातात लोंबकळत, बाजूनं, सगळं टिपत होता.

घरी व्हिडिओचे दोन्ही भाग लागोपाठ पाहिले आणि बारकी उडालीच. मागून काढलेल्या भागात आत्या नव्हतीच. त्यात बारकी होती, ताई होत्या, चपलेची नाडी बांधणाऱ्या काकू होत्या. बाजूनं काढलेल्या भागात मात्र आत्या होती, पुरेपूर.

म्हणजे घोळ कॅमेऱ्याचा होता. गेम खेळणारा माणूस पहिल्या डोंगरापासून सातव्यापर्यंत बाईंच्या पाठीमागून चालतो, आणि सेनापतीणबाईंना त्याचा पत्ताच नाही? इतक्या बेसावध बाईला सेनापती केलं कुणी?

दुसऱ्या दिवशी ती दादाकडे गेली. "कॅमेरा बाईंच्या शेजारी आणू या."

"कॅमेरा मागेच," दादा म्हणाला.

"शेपूट मागूनच चांगली दिसते," घोडेवाला म्हणाला.

"बरं," बारकी म्हणाली. कॅमेरा मागे तर मागे. मग तो मागे आहे हे निदान बाईंना कळू दे. हे दुसरं वाक्य तिनं मनातच ठेवलं आणि कामाला बसली. दादा त्या आठवड्यात भिंतींना रंग लावून घेण्यात गुंतला होता, त्यामुळे तिच्या पडद्याकडे कुणी डोकावलं नाही. दोन चाली तयार झाल्या. एक मागे कुणी असतानाची, एक नसतानाची. सोबत उंच टाचा कापून टाकल्या. त्याचा आनंद वेगळाच होता.

शुक्रवारी गुंतवणूकदार आले. स्थूल, टक्कल पडलेले, इतके सभ्य गृहस्थ, की आत येताना दार लागलं तर त्यांनी दारालाच "माफ करा" म्हटलं. ओल्या रंगाला खांदा लागला तेव्हा भिंतीचीही माफी मागितली. त्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवून हातात कंट्रोलर दिला. दुसऱ्या मशीनवर घोडेवाला घोड्याला खोगीर चढवून तयारच होता.

सेनापतीणबाई निघाल्या. थोडं अंतर गेल्या आणि त्यांनी मान किंचित वळवून मागे पाहिलं.

"अरे वा," गुंतवणूकदार म्हणाले.

बाईंनी वेग वाढवला. गुंतवणूकदारांचा कॅमेरा बाईंच्या मागे बांधलेला, तोही वेगानं गेला. बाई रेंगाळल्या, कॅमेरा रेंगाळला. बाईंनी रस्ता ओलांडला, गुंतवणूकदारांनीही ओलांडला. मग बाई एका लोहाराच्या दुकानापुढे थांबल्या आणि टांगलेल्या नालांकडे अतिशय रस घेऊन पाहू लागल्या.

"हे काय चाललंय?" दादा बारकीच्या कानात फिसकारला.

"चालणं," बारकी म्हणाली.

बाई वाकल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या. मागचा माणूस पुढे जाईल याची वाट पाहत. मागचा माणूस कुठं जाणार? तो मागेच. बाईंनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि ती बांधली. मग त्या सरळ उभ्या राहिल्या, वळल्या, आणि पडद्यातून थेट गुंतवणूकदारांकडे पाहत कमरेवर हात ठेवले. कंबर हलली नाही.

खोलीत टाचणी पडली असती तर तिनंही माफी मागितली असती. ताई छताकडे बघत होत्या. काकूंनी ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे गदगदत होते.

"अहो," गुंतवणूकदार पडद्याला म्हणाले, "मी तसा नाही हो."

बाई ढिम्म.

"मला फक्त ड्रॅगनकडे जायचंय. तुम्हीही तिकडेच निघालात ना? माझा काही वाईट हेतू..." त्यांच्या कपाळावर घाम आला. "अहो, कुणीतरी सांगा ना यांना!"

"घोडा!" दादा ओरडला. "घोडा आण रे!"

"थांबा!" गुंतवणूकदार त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर ओरडल्यामुळे स्वतःच दचकले. "घोड्यावर बसून मागे लागू? काय वाटेल यांना! रस्त्यात असं झालं की मी सरळ पलीकडच्या बाजूला जातो. बायको म्हणते, पलीकडून जा, दिसेल असं चाल. पलीकडे जायचं बटण कुठलंय?"

पलीकडे जायचं बटण नव्हतं. पण कॅमेरा बाईंपासून सुटा करायचं एक बटण होतं, कारागिरांच्या सोयीचं, पाहुण्यांनी कधीच न दाबायचं. बारकीनं पुढे होऊन ते दाखवलं. कॅमेरा सुटला, हेलकावे खात रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेला आणि बाईंच्या बरोबरीनं, भरपूर अंतर ठेवून उभा राहिला.

बाईंनी पाहिलं. कमरेवरचे हात खाली आले. आणि त्या चालायला लागल्या.

तलवारीचा खांदा उतरलेला, मोकळा हात हवा कापतोय, चिलखताचं वजन टाचेत उतरतंय आणि तिथून पुन्हा वर चढतंय. मध्येच एक पाऊल जोरात, जणू ड्रॅगनला सुनवायचा मुद्दा आठवला. सगळ्या खोलीनं नकळत तोंड उघडलं.

"हं," गुंतवणूकदार म्हणाले. "आता कसं!"

दादा पुढे झुकला. "सर, घोड्याचा पर्यायही तयार आहे. फार सुंदर शेपूट..."

"हिला कशावरही बसवायचं नाही," गुंतवणूकदार पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "हिच्या चालण्याला मी पैसे देतो. गप्प बसा, आम्ही चाललोय."

दादानं बारकीकडे असं पाहिलं, की जणू हे सगळं पहिल्यापासून त्याच्याच डोक्यात होतं. बारकीला ते पाहायला सवड नव्हती, कारण तिला एक भयंकर गोष्ट आठवली होती. गेममधला रस्ता फक्त पहिल्या डोंगराअलीकडच्या पुलापर्यंतच बांधून झाला होता. त्यापुढे कुणी कधी पायी गेलंच नव्हतं. पुलापाशी सगळे ड्रॅगनकडे उडी मारायचं बटण दाबायचे. आणि हे दोघं तर रमतगमत, गप्पा मारल्यासारखे, पुलाकडे निघाले होते.

"रस्ता!" बारकी किंचाळली. "रस्ता संपतोय!"

गेम चालू असताना समोर जमीन जोडता यायची. सगळे मशीनकडे धावले. बारकीनं पुलाच्या पलीकडे माती ओतली, दादानं कोट काढून झाडं लावायला घेतली आणि पहिलं उलटं लावलं. स्वागतकक्षातल्या ताई मैलाचे दगड मोजत होत्या, म्हणजे जिथं हात पडेल तिथं ठेवत होत्या. "गवत! गवत कोण टाकतंय?" असं कुणीतरी ओरडलं, आणि घोडेवाला खोगीर बाजूला फेकून म्हणाला, "मी टाकतो, मी! घोड्याला काय आवडतं मला माहितीये!"

बाई पुलावर आल्या. पलीकडचा कॅमेराही पुलावर आला. "सावकाश हं," गुंतवणूकदार त्यांना म्हणाले, "घाई नाही काही." सेनापतीणबाईंनी पुलाची शेवटची फळी ओलांडून पाय उचलला, आणि तो पाय खाली येण्याच्या आत बारकीनं त्याखाली एक डोंगर सरकवला.