खोट्या पत्त्यावरची प्रार्थना

शुक्रवारची घरउपासना आपल्याकडे येऊ नये म्हणून ओकरानने सात महिने काय काय थापा मारल्या होत्या, ते तिचं तिलाच ठाऊक. एकदा नळ फुटला होता, एकदा नवऱ्याला ताप होता, एकदा तर खालच्या मजल्यावरच्यांना गाण्याचा आवाज खपत नाही असंही तिने सांगून टाकलं. पण पाळी ती पाळी. गुन्सान या बंदरगावातल्या चर्चच्या त्या मंडळीत पाच-पाच बायकांचा एकेक गट होता. दर शुक्रवारी अकराला एकीच्या घरी जमायचं, गीत म्हणायचं, वचन वाचायचं, एकमेकींच्या अडचणी देवापुढे मांडायच्या आणि जेवून उठायचं. "आता तुझ्याकडे नाही आलो तर प्रभूच विचारेल, हिच्या घरात दडवलंय तरी काय?" गटाच्या म्होरक्या बोंगबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

घरात दासोम होती, दुसरं काय!

एकोणतीस वर्षांची लेक. एप्रिलात राजधानीतली, सोलची नोकरी सोडून दोन बॅगा घेऊन आली, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत शिरली ती शिरलीच. बाप बंदरावर क्रेन चालवायचा. तो म्हणाला, "थकलीय पोर, आठवडाभर झोपू दे." त्या आठवड्याचा नोव्हेंबर झाला. ओकरान दिवसातून तीनदा दाराशी ताट ठेवायची, दोनदा टकटक करायची आणि दार उघडायच्या आत स्वयंपाकघरात पळायची. पोरीचं उतरलेलं तोंड बघवत नाही, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे आपलं तोंड पोरीला दिसू नये, ही तिची धडपड होती.

मंडळीत मात्र दासोम अजून सोललाच होती. मे महिन्यात कुणीतरी विचारलं, "बढती-बिढती काही?" ओकरान बोलून गेली, "चाललंय बोलणं." झालं! पुढच्या शुक्रवारी बोंगबाईंच्या प्रार्थनेच्या वहीत नोंद पडली, 'दासोम, बढती.' जूनमध्ये तिला 'चांगलं स्थळ' जोडलं गेलं. चार बायका डोळे मिटून, पोटतिडकीने त्या बढतीसाठी देवाला साकडं घालायच्या आणि ओकरान मान खाली घालून आमेन म्हणायची. खोट्या पत्त्यावर पत्रं जात होती, आणि लिहिणाऱ्या बिचाऱ्या मन लावून लिहीत होत्या. या विचाराने तिचा शुक्रवारच नाही, अख्खा आठवडा नासायचा.

त्या सकाळी तिने दाराला तोंड लावून सांगितलं, "दासोम, अकरा ते एक. हूं नाही की चूं नाही. खोकला आला तर उशीत तोंड घाल. आणि बाथरूमला आत्ताच जाऊन ये गं बाई." दासोम बारापर्यंत झोपायची, म्हणजे तिने हे ऐकलंही नसेल; तरी ओकरानने तेवढाच बंदोबस्त पुरेसा मानला. दारातले लेकीचे बूट उचलून तिने वॉशिंग मशीनमध्ये टाकले आणि वर झाकण लावलं.

पहिल्या आल्या नामबाई. तळलेल्या चिकनचं दुकान चालवणारी बाई, नजर अशी की कढईत काय आहे ते वासाआधी ओळखेल. "अगं बाई, किमची लोणच्याचे एवढे डबे? दोघांचं घर ना तुमचं?"

"दासोमला पाठवते."

"सोलला?"

"कुरिअरने," ओकरान म्हणाली आणि उगाचच ओटा पुसायला लागली.

मग ग्यूबिनची आई आली, पाठोपाठ हाबाई आल्या, आणि शेवटी बोंगबाई, उजव्या मनगटाला प्लास्टर. "सार्वजनिक न्हाणीघरात घसरले. इतके दिवस गुडघ्यासाठी प्रार्थना करत होते. आता गुडघा दुखतो हेच विसरले. मिळालं म्हणायचं उत्तर!" सगळ्या हसल्या. ओकरान सगळ्यात मोठ्याने हसली, कारण खोलीतून पलंग करकरल्यासारखं झालं होतं.

खालून तापवलेल्या जमिनीवर आसनं टाकून सगळ्या गोल बसल्या. गीत झालं, वचन झालं. बोंगबाईंनी वही काढली आणि डाव्या हातात पेन्सिल धरून एकेकीला विचारायला लागल्या. नामबाईंच्या दुकानासमोर नवं दुकान उघडलं होतं आणि गिऱ्हाईक तिकडे पळत होतं. हाबाईंच्या सासूबाई घर विसरून रस्त्यावर भटकत होत्या. ग्यूबिनची आई म्हणाली, "आमच्याकडे तेच. ग्यूबिनची सरकारी नोकरीची परीक्षा, तिसरी खेप. झाले पेपर, आता निकालाची वाट." आणि ती आसनाचा सुटलेला धागा उपटत बसली.

"ओकरान, तुझं?"

"तेच."

"बढती," बोंगबाईंनी वाकडंतिकडं गिरवलं.

"सहा महिने!" नामबाई फणकारल्या. "पाच जणी मिळून देवाला सांगतोय आणि त्या कंपनीला दाद नाही म्हणजे काय!"

बारा वाजून गेले. खोलीत पावलं वाजली. दारापर्यंत आली, थांबली, परत गेली. पुन्हा दारापर्यंत आली. ओकरानला खोकल्याची उबळ आली, म्हणजे तिने आणली. पोरगी सकाळी बाथरूमला गेलेली नव्हती, हे आता तिच्या लक्षात आलं. एक वाजायला अजून पाऊण तास होता. तिला आसनावर बसवेना.

"चला, मोठ्याने प्रार्थना," बोंगबाई म्हणाल्या.

तीनदा "प्रभू!" अशी एकमुखाने हाक गेली आणि पाचही जणी एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, ओरडून मागायला लागल्या. त्यांच्या मंडळीची रीतच ही. त्या गलक्यात कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून तर माणूस मोकळं होतं. बोंगबाईंनी तीन टाळ्या वाजवल्या की सगळ्यांनी गप्प व्हायचं. पण आज टाळी कुठून वाजणार? त्यांनी चमच्याने सरबताचा ग्लास वाजवला, टिण टिण टिण. चौघी थांबल्या. ओकरानचे कान टाळीला सरावलेले. तिला तो चमचा ऐकूच आला नाही.

"...सोलला नाही रे ती! इथंच आहे, या भिंतीपलीकडे! एप्रिलपासून बाहेर आली नाही. आणि मी, मी जन्मदाती, या चार बायकांच्या लाजेपायी तिला लघवीलासुद्धा कोंडून ठेवलंय, प्रभू! मला बढती नको, स्थळ नको. मला माझ्या पोरीची लाज वाटते, ती लाज तेवढी काढून घे, नाहीतर मलाच..."

आणि तिला आपला एकटीचा आवाज ऐकू आला.

फ्रीज घरघरत होता. ओकरानने डोळे उघडले. नामबाईंचे डोळे बशीएवढे झाले होते आणि तोंड उघडायच्या बेतात होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ओकरानला झालं. भिंतीपलीकडे तर काहीच हालचाल नव्हती, आणि ते सगळ्यात वाईट होतं. म्हणजे पोरीनेही ऐकलं.

"डोळे मिटा!" बोंगबाई कडाडल्या. "कुणी सांगितलं संपलं म्हणून? मी आमेन म्हणायच्या आधी जी डोळे उघडेल, तिच्या घरी पुढचे चारही शुक्रवार! प्रभू!"

"प्रभू!" तिघी ओरडल्या. आता तो गलका मघापेक्षा दुप्पट होता. हाबाई एरवी पुटपुटायच्या, त्या आज बंदरापर्यंत ऐकू जावं अशा ओरडत होत्या. ओकरानने डोळे घट्ट मिटून घेतले. शेजारून ग्यूबिनच्या आईचा रडका आवाज कानावर पडत होता, "बसलाच नाही हो तो परीक्षेला... फाटकातून परत आला..."

मागे दार उघडलं. अनवाणी पावलं घाईने त्यांच्या पाठीमागून गेली. बाथरूमची कडी लागली. बोंगबाईंनी आवाज आणखी चढवला. सुटकेसाठी, दयेसाठी, बंद दारांसाठी त्या मागत राहिल्या, आणि पाण्याचा लोट वाहिल्याचा आवाज आला तेव्हा तर त्यांनी घसा फोडून "हालेलूया" म्हटलं. पावलं परत आली. ओकरानच्या पाठीशी क्षणभर थांबली. मग दार लागलं.

"आमेन," बोंगबाई म्हणाल्या, घसा बसलेला.

शिंपल्यांच्या रश्शातल्या शेवया वाढल्या गेल्या. कुणी वर बघेना. शेवटी नामबाईंना राहवलं नाही. "म्हणजे ते कुरिअर..."

"नामबाई, तिकडे तुमच्या दुकानात चिकन करपतंय," बोंगबाई म्हणाल्या. नामबाईंनी तोंडात शेवया कोंबल्या. थोड्या वेळाने त्याच उठल्या, एक वाटी भरली आणि वर झाकण ठेवून बाजूला ठेवली. कुणासाठी ते बोलल्या नाहीत.

बोंगबाईंनी वही उघडली आणि 'बढती' खोडली. "काय लिहू आता?"

"लवकर बरी होऊ दे, असं लिहा," ओकरान नाक पुसत म्हणाली.

"हे तुझं मागणं झालं. तिचं काय? विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. सात महिन्यांत जेव म्हटलं होतं, गप्प बस म्हटलं होतं. ओकरान उठली, दारापाशी गेली, दोनदा टकटक केली. तिचे पाय सवयीने स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा. तिने चौकट धरली.

"दासोम... बोंगबाई विचारतायत. तुझ्यासाठी काय मागायचं?"

मग आतून एक आवाज आला, वापरात नसलेला, घोगरा.

"ताट."

"भूक लागली का गं? थांब, आणते..."

"तसं नाही, आई. ताट ठेवलंस की पळून जाऊ नकोस. मी दार उघडेपर्यंत थांब. तेवढंच मागा."

बोंगबाईंनी डाव्या हाताने एकेक अक्षर गिरवलं. ते पुरं व्हायला फार वेळ लागला. मग त्यांनी लिहिलेलं वाचलं, ते पान वहीतून फाडलं आणि ओकरानच्या हातात दिलं.

"हे देवाकडे कशाला धाडू? हे तुझ्याच पत्त्यावर आलंय."

झाकलेली वाटी नामबाईंनीच आणून दिली. ओकरानने ती दाराशी ठेवली, दोनदा टकटक केली, आणि ती तिथून हलली नाही.