पट्ट्यांसकट बाहेर

प्लास्टर कापणाऱ्याला कधी घाई नसे. कटर आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायचा, म्हणजे पेशंटला पटावं की पातं नुसतं थरथरतं, कातडी कापत नाही. मगच काम सुरू. वॉर्डातल्या सिस्टर पाठीमागे त्याला दगडोबा म्हणत. त्यात खोटं काय होतं? आठ महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हा सगळं घर रडत होतं आणि हा गृहस्थ आलेल्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या सरळ करत होता. डोळ्यातून टिपूस नाही.

लेकीने ते पाहिलं होतं. मनात ठेवलं, ठेवलं, आणि काल म्हणाली, "आईचं तुम्हाला काहीच नव्हतं ना? उद्या संध्याकाळी मी मावशीकडे जाते. कायमची."

त्याने नुसती मान हलवली. आपण आतून मेलोय, आणि मेलेल्याने कुणाला कशाला अडवावं, असं त्याचं सरळ गणित होतं.

आज मनगटाचं प्लास्टर काढायला चर्चचे एक निवृत्त पाळक आले. दीड महिन्याने उघडा पडलेला हात फिकट, साल निघालेला. बोटं हलवून म्हणाले, "हा माझा वाटतच नाही हो."

"बधिर झालाय, मेला नाही. वापरायला लागा, मग वाटेल." दिवसातून दहादा तो हेच म्हणायचा.

पाळक हसले. "बायबलातल्या शुभवर्तमानात चार दिवसांपूर्वी मेलेला एक जण आहे. प्रभू हाक मारतो आणि तो थडग्यातून बाहेर येतो. चाळीस वर्षं मी हे लोकांना सांगितलं. पण हा हात बांधून बसलो तेव्हा उमगलं, तो आला तेव्हा बांधलेलाच होता. तोंडावरसुद्धा फडकं. पट्ट्या नंतर सुटल्या, त्याही भोवतीच्या माणसांनी सोडल्या. आधी उठला, मग मोकळा झाला."

"जुनी गोष्ट झाली ती."

"ते थडगं आजही माझ्या आत आहे, ती हाकही आतच. जुनी कशी?"

ते गेले. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. छाती तशीच गार. पण एक गोष्ट त्याला कळली, कोरडेपणाने का होईना. मोकळं वाटेल तेव्हा उठू, म्हणून तो आठ महिने आत बसून होता. उठायला कुणी बंदी केलीच नव्हती. त्याने एप्रन काढला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भरल्या ओपीडीतून घरी निघाला.

लेक बॅगेची चेन ओढत होती. तो दारातच उभा राहिला.

"मला काही वाटत नाहीये गं. आई गेली तेव्हापासून काहीच नाही. तू जाऊ नकोस म्हणायलाही आतून काही येत नाही. तरी म्हणतो. जाऊ नकोस."

चेन अर्ध्यातच थांबली.

"हे आधी का नाही बोललात, बाबा?"

"काहीतरी वाटायला लागलं की बोलू, म्हटलं."