सातवा रकाना

गावाचं नाव सांगणार नाही. मला तिथं अजून नोकरी करायची आहे. साखऱ्याच्या पुढचं, सेनगाव तालुक्यातलं आडवळणाचं गाव, एवढं पुरे. मी तिथली ग्रामसेविका, करुणा. माझा पारा लवकर चढतो असं लोक म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत.

वेशीपाशी एक जुनी बारव आहे. तीन बाजूंनी दगडी पायऱ्या, भिंतीत कोनाडे आणि तळाशी पाण्याऐवजी दगडगोटे, वेडी बाभूळ, गुटख्याच्या पुड्या. सरपंच संतरामभाऊंच्या मनात ती बुजवून वर सभामंडप बांधायचा होता. तेवढ्यात जिल्ह्याची योजना आली. जुन्या बारवा जपायच्या. सिमेंट न लावता चुन्यानंच डागडुजी करायची, भोवती झाडं लावून पाणी मुरवायचं, औंढ्याच्या नागनाथाला येणाऱ्या भाविकांना इकडं वळवायचं आणि बारवेपाशी बचत गटाच्या बायकांनी हळद, डाळी विकायच्या. सरकारी कागदावर माझा पटकन विश्वास बसत नाही, कारण त्यातले निम्मे मीच तयार करते. पण हा कागद वाचून मला मनापासून आनंद झाला. दर उन्हाळ्यात टँकरमागं धावणाऱ्या बायका मी डोळ्यांनी बघत होते.

अट एकच अवघड होती. बारवेचा झरा जिवंत हवा. आटलेल्या बारवेला काही मिळणार नव्हतं.

अर्जात सात रकाने होते. सातवा असा होता: बारव वापरातून कधी गेली व का? मी संतरामभाऊंना विचारलं. त्यांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही.

"लिवा की. बहात्तरच्या दुष्काळात आटली."

मी पेन्सिलीनं तसं लिहून टाकलं. अट मी वाचली होती, तरी लिहिलं. कामाच्या घाईत माणूस असा गाढवपणा करतो.

आठ दिवसांनी जिल्ह्याहून सृष्टी मॅडम पाहणीला आल्या. जुन्या वास्तूंचं शिक्षण घेतलेली तरुण मुलगी, पायात साधे बूट, हातात टेप. तिनं पायऱ्या मोजल्या, दगडांचे सांधे बघितले, खूश झाली. मग अर्ज वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"आटली असेल तर प्रस्ताव इथंच थांबतो, ताई. माझ्या हातात काही नाही."

काठावर बघ्यांची गर्दी होती. त्यातून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"आटली काहून म्हनता? आटली न्हाई ती."

बौद्धवाड्यातल्या चांगुणाबाई होत्या. सत्तरीला टेकलेल्या, हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. संतरामभाऊंनी नुसतं वळून बघितलं. बाई तशाच वाटेला लागल्या. सृष्टी मॅडम मला एवढंच म्हणाल्या की महिनाअखेरपर्यंत अर्ज दुरुस्त करता येतो, पण लिहिलं त्याला पुरावा हवा.

मी त्याच दुपारी चांगुणाबाईंच्या घरी गेले. खरं सांगते, जाताना पाय अडखळत होते. मीही बौद्ध घरातलीच. म्हणजे बाई आपल्या लोकांचं लावून धरते, असं म्हणायला गाव मोकळं. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मी ही भीती बाळगून आहे आणि तिची मला चीडही येते.

त्यांचे मालक शेषराव ओसरीवर सुतळी वळत बसले होते. चांगुणाबाईंनी मला पाणी दिलं आणि न विचारताच बोलायला लागल्या.

"लग्नाला वरीस झालं असंन माझ्या. समद्या हिरी आटल्या, बारवेला तेवढं पानी. पन आमाला उतरायची बंदी. कोनी वरून वतलं तरच आमची कळशी भरायची. त्या दिवशी सकाळपून कोनी वतलंच न्हाई. घरात नणंद तापानं फणफणलेली, तोंडात घालाया थेंब न्हाई. मी उतरले. भरून वर निगाले, चार पायऱ्या चढले असंन, वरून आरडाओरडा झाला. कळशी हातातून सुटली, ती घरंगळत पान्यात गेली."

"मग?"

"मंग काय. पानी बाटलं म्हने. दुसऱ्या दिसापून गाव दोन कोसांवून पानी आनू लागलं, पन बारवेत उतरलं न्हाई. आठ दिसांत दगडाच्या गाड्या आल्या. वतल्या आत."

शेषराव सुतळी वळता वळता म्हणाले, "भर दुष्काळात. भरल्या बारवेत."

रागानं कानशिलं तापली. तहानेनं जीव जात असताना हाताशी असलेलं पाणी बुजवणारी माणसं, आणि पन्नास वर्षं त्यांची लेकरं 'आटली, आटली' म्हणत टँकरची वाट बघतात!

"पुरावा मागतील, मावशी."

"माजी कळशी हाय ना आत. मामानं लग्नात दिलेली. नाव घातलंय तिच्यावर."

आपल्याकडं लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरून घ्यायची रीत. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं, सगळं भांड्यावर. त्या रीतीवर आता अख्ख्या गावाचं पाणी अडलं होतं.

ग्रामसभेत मी विषय मांडला तेव्हा माझा आवाज कापत होता. चांगुणाबाईंचा कापत नव्हता. ओसरीवर सांगितलं तेच त्यांनी उभ्यानं सांगितलं. मग संतरामभाऊ उसळले.

"पन्नास वर्सांमागचं उकरून काय मिळनार हाय? गावाची बदनामी! कळशी न निघली तं?"

"न निघली तं आटली लिवा," चांगुणाबाई म्हणाल्या, "आन् खोटी बाई म्हनून माझा अंगठा घ्या."

कोपऱ्यात संतरामभाऊंच्या आई, द्वारकाबाई, बसल्या होत्या. त्या ग्रामसभेत कधी तोंड उघडत नाहीत. काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या.

"दगडं काढ, संतराम."

"आई, तुला काय माहीत त्यातलं?"

"मला माहीत हाय म्हनूनच म्हनते."

संतरामभाऊंनी सहीसाठी ठरावाचा कागद ओढून घेतला आणि कुणाकडं न बघता सही केली.

यंत्र लावायचं नाही, पायऱ्या हलतील, असं सृष्टी मॅडमनी बजावलं होतं. त्यात हळद शिजवण्याचे दिवस. गावात कढया पेटलेल्या, कामाला माणूस मिळेना. पहिल्या दिवशी बौद्धवाड्यातले पाच जण आले आणि त्यांच्यासोबत गावातला जळबा, ज्याला फुकटचं कष्टाचं काम कधी टाळता येत नाही. घमेल्या-घमेल्यांनी दगड वर येऊ लागले. बाकी गाव काठावरून बघत होतं. चांगुणाबाई रोज सकाळी येऊन वरच्या पायरीवर बसायच्या आणि उन्हं कलली की उठायच्या. महिनाअखेरीला बारा दिवस होते. मी रोज कॅलेंडर बघायची आणि रोज एकाला तरी ओरडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी द्वारकाबाई आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी आणि पिठलं. मागून संतरामभाऊ, "आई, मी घेतो, आई, पडशील," करत. म्हातारीनं पाटी कुणाला दिली नाही. चांगुणाबाईंसमोर आणून ठेवली.

"तवा मीच भाकरी बांधून दिली होती," त्या म्हणाल्या. "दगडं टाकाया गेलेल्या गड्यांना. दोन गाड्या आमच्याच होत्या. आता दगडं काढनाऱ्यांना बी देते. खाशीन का?"

चांगुणाबाईंनी भाकरीकडं बघितलं. मला वाटलं, उठून जातील. गेल्या असत्या तरी त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "उभ्यानं काय वाढता."

दोघी एका पायरीवर बसून जेवल्या. संतरामभाऊ थोडा वेळ तसेच ताटकळले, मग पायातल्या चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि खाली उतरले. दुसऱ्या दिवशी हळदीच्या कढया सोडून पंधरा माणसं आली. त्याच्या पुढच्या दिवशी मोजणं मी सोडून दिलं.

नवव्या दिवशी दगड संपून गाळ लागला. काळा आणि ओला. एप्रिल महिन्यात ओला! जळबानं मूठभर गाळ पिळून दाखवला तेव्हा मी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवल्या, नोकरीचा मान विसरून. पण कळशीचा पत्ता नव्हता. दहावा दिवस तसाच गेला. चांगुणाबाई त्या संध्याकाळी पहिल्यांदाच म्हणाल्या, "बाई, वरून पडलेल्या दगडानं तिचा चेंदामेंदा झाला असंन का?"

अकराव्या दिवशी दुपारच्या आधी संतरामभाऊंच्या फावड्याला काहीतरी खणकन लागलं. त्यांनी फावडं टाकलं आणि हातानं गाळ उपसला. कळशीच. एका बाजूनं चेपलेली, गळा वाकलेला, बूड फाटलेलं. त्यांनी ती वर आणून माझ्या हातात दिली. मी पदरानं पुसत गेले, पुसत गेले, आणि काळपट पितळेवर अक्षरं दिसली. चि. चांगुणास मामाकडून. खाली साल, एकाहत्तर.

चांगुणाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नाही, पण कोणतं अक्षर कुठं आहे ते बोटाला ठाऊक होतं. डोळ्यांना पदर लावून त्या हुंदके देऊन रडल्या, आणि मीही. ज्या खड्ड्यातून कळशी निघाली, तिथं हळूहळू नितळ पाणी जमत होतं.

संतरामभाऊ पायरीवर बसले होते, कोपरापर्यंत चिखलानं भरलेले.

"बाई, तो सातवा रकाना काढा."

मी अर्ज काढला. पेन्सिलीचं खोडलं.

"लिवा. बारव आटली नव्हती. दुष्काळात भरलेली असताना बुजवली."

"कुणी, ते लिहावं लागेल, भाऊ."

"लिवा, गावानं." त्यांनी मान हलवली. "न्हाई. गावानं म्हनलं की कोनीच न्हाई. माझ्या बापाचं नाव लिवा. आन् काहून बुजवली ते बी बराबर लिवा."

मी लिहिलं. शाईनं.

प्रस्ताव मंजूर झाला. सृष्टी मॅडम परत आल्या तेव्हा पाणी खालच्या तीन पायऱ्यांवर चढलं होतं. कळशी बघून त्यांना राहवेना. बारवेपाशी फलक लावू, सगळं खरं लिहू, आणि शेजारी काचेच्या पेटीत ही कळशी ठेवू, म्हणाल्या. लोकांनी माना डोलावल्या. मलाही ते छान वाटलं.

"फलक लावा, पोरी," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन काचात नको."

त्यांनी कळशी उचलून संतरामभाऊंच्या हातात दिली.

"हिंगोलीला नेऊन हिला नवं बूड बसवून आना. माजी एक खेप राह्यली हाय."